एकास सत्त्याऐंशी

सान डिएगोला लेकीकडे गेलो तेव्हा पाहायच्या स्थळांची यादी जावयांनी आधीच करून ठेवली होती. समुद्र, प्राणिसंग्रहालय, जुने मिशन, पुन्हा समुद्र. आगगाडी तीत कुठेच नव्हती. ती मला शेजारच्या गॅरेजात भेटली.

शेजारच्या गृहस्थांची मोटार बारा महिने रस्त्यावर उभी असे आणि गॅरेजचे दार मात्र रात्री अकरापर्यंत उघडे. फिरून येताना एकदा मी आत डोकावलो. ऐंशीच्या घरातले हे म्हातारबुवा डोळ्याला भिंग लावून, चिमट्यात केसाएवढी तार धरून बसले होते. मान वर न करताच म्हणाले, “या, बसा. फक्त शिंकू नका.”

ती तार म्हणजे इंजिनावर चढताना हाताने धरायची कडी होती. तिच्यासाठी आधी सुईसारख्या गिरमिटाने भोके पाडायची, मग तार वाकवून बसवायची. अशा कड्या एका इंजिनाला डझनावारी लागतात. बाजारचे तयार इंजिन घेऊन त्याच्यावरच्या या कड्या साच्यातच उमटलेल्या असल्या, तर हे लोक त्या खरवडून काढतात आणि पुन्हा तारेच्या बसवतात! आमच्या सौभाग्यवतींना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “विणलेले उसवून पुन्हा विणण्यातली गोडी तुम्हा पुरुषांना आता कळली.”

अमेरिकेत खेळण्यातली आगगाडी घरोघर पोचवली ती लायोनेल कंपनीने. जोशुआ लायोनेल कॉवेन याने १९०० साली न्यूयॉर्कला ती काढली. त्याची पहिली विजेची गाडी दुकानाच्या काचेआड गिऱ्हाइकांचे लक्ष वेधायला ठेवण्यासाठी होती; गिऱ्हाइके आतला माल सोडून गाडीचीच किंमत विचारू लागली. पुढे नाताळच्या झाडाभोवती ही तीन रुळांची गाडी फिरू लागली. पण खऱ्या गाडीला तीन रूळ नसतात, हे ज्यांना खुपले त्यांची जात निराळी. आमचे म्हातारबुवा त्या जातीचे. त्यांचे प्रमाण एकास सत्त्याऐंशी, म्हणजे सहा फुटी माणूस दोन सेंटिमीटरांहून किंचित उंच आणि दोन रुळांमधले अंतर साडेसोळा मिलिमीटर.

कपाटात दोनेकशे डबे होते. त्यात पॅसिफिक फ्रूट एक्स्प्रेसचे नारिंगी-पिवळे डबे मला फार आवडले. दोन्ही टोकांना बर्फाच्या लाद्या टाकायला छतावर झाकणे असलेले हे डबे कॅलिफोर्नियाची फळे देशभर नेत. डबा नवा आणला की पहिले काम त्याला जुना करण्याचे! खडूची पूड, पातळ केलेला काळा रंग, चाकांच्या आसापाशी तेलाचा डाग, झाकणाखाली वितळलेल्या बर्फाचे ओघळ. डब्यावर पुन्हा वजन केल्याची तारीखही बारीक अक्षरात असते, आणि ती आपल्या नमुन्याच्या सालानंतरची असली तर तो डबा रुळावर आणायचा नाही. मुलीच्या लग्नात पत्रिका जुळवताना मी इतका काटेकोर नव्हतो.

एका रविवारी त्यांनीच आम्हाला बाल्बोआ पार्कमध्ये नेले. १९१५च्या प्रदर्शनासाठी सजवलेल्या या बागेत कासा दे बाल्बोआ नावाची इमारत आहे. तिच्या तळघरात, सुमारे २७,००० चौरस फुटांत, १९८२पासून छोट्या आगगाड्यांचे संग्रहालय आहे. कोथरूडचे जोशींचे लघुरेल्वे संग्रहालय ज्यांनी पाहिले असेल त्यांना कल्पना येईल. मात्र तिथे नमुन्यातली नगरी कल्पनेतली आहे, तर इथे बेकर्सफील्ड ते मोहावी हा एक खराखुरा घाट, १९५०च्या दशकात होता तसा, झाडाझुडपांसकट उभा केला आहे.

हा तेहाचापीचा घाट. सदर्न पॅसिफिक कंपनीने विल्यम हूड या इंजिनिअरच्या देखरेखीखाली तो १८७६ साली पुरा केला. डोंगर फोडणारे हात बहुतेक चिनी मजुरांचे होते. चढ झेपेना म्हणून रूळ एका टेकडीभोवती पूर्ण फिरवून स्वतःच्याच डोक्यावरून नेले आहेत. या वेढ्यात गाडी ७७ फूट वर चढते, आणि गाडी चांगली लांबलचक असली तर इंजिन वरून जात असताना खालच्या बोगद्यात त्याच गाडीचे शेपूट असते. सत्त्याऐंशी पटींनी लहान केला तरी या वेढ्याचा व्यास चौदा फुटांच्या आसपास भरतो. सबंध घाट याच हिशोबाने करायचा तर मैलाला साठ फूट लागतील; म्हणून मधली सपाटी गाळायची आणि वळणे ठेवायची. काय गाळायचे यावरच या मंडळींची कडाक्याची भांडणे होतात. १९५२च्या जुलैत भूकंपाने या घाटातले बोगदे मोडले. तेव्हा नमुना भूकंपाआधीचा की नंतरचा, हाही वादाचा विषय!

मालगाडी चढू लागली. पुढे इंजिन, मध्ये इंजिन. मी कठड्याला धरून उभा राहिलो. माझे वडील कर्जतला गार्ड होते. बोरघाटात सदतीस फुटांना एक फूट चढ. कर्जतला गाडीला मागून ढकलायला ज्यादा इंजिने लागत. त्यातल्या विजेच्या इंजिनांना सगळे ‘खेकडा’ म्हणत. उभे असले की ते कण्हल्यासारखा आवाज काढी. लहानपणी त्या आवाजावर मी झोपलो आहे.

परत येताना हे सांगितले, तेव्हा म्हातारबुवांनी गॅरेजातला एक खण उघडला. आत दीड फुटाहून थोडे कमी लांबीचे इंजिन होते, पण उलटे! चालकाची खोली सर्वांत पुढे आणि धुराडे मागे. बोगद्यांत धुराने माणसे गुदमरत म्हणून सदर्न पॅसिफिकने ही इंजिने अशी फिरवून घेतली होती. कोळसा टाकणे शक्य नाही, म्हणून मागच्या टाकीतून नळाने तेल यायचे. खऱ्यांपैकी आता एकच उरले आहे, सॅक्रामेंटोच्या रेल्वे संग्रहालयात. यांचे वडील बेकर्सफील्डला अशाच एका इंजिनावर फायरमन होते. त्या नंबरच्या इंजिनाचा एकुलता एक फोटो घरात आहे, डाव्या बाजूचा. डावी बाजू पुरी झाली होती, खिडकीखालच्या ओरखड्यासकट. उजवी बाजू सहा वर्षे कोरी होती.

“दुसऱ्या इंजिनांवरून अंदाजाने करा की,” मी म्हणालो.

“ते मग दुसरेच इंजिन होईल,” ते म्हणाले. मग त्यांनी विचारले, “तुमच्या वडिलांचा फोटो आहे? गाडीबरोबरचा?”

नव्हता. खेकड्याचा रंग? एकाचाही नंबर? चाळीस पावलांवरून रोज पाहिलेली इंजिने, आणि मला धड सांगता येईना. त्या रात्री, म्हणजे डोंबिवलीच्या सकाळी, मी ताईला फोन लावला. तिलाही नंबर आठवेना. “पण बाबांची पेटी आठवते ना रे? झेंडे, कंदील ठेवायची. तिचा एक कोपरा चेपला होता. माझ्या पायावर पडली होती तेव्हा!” पेटी मला आठवत होती, आणि तिच्यावर बसून खाल्लेला पोळीचा लाडूही.

दुसऱ्या दिवशी हे सांगितले, तेव्हा म्हातारबुवांनी कागद पुढे ओढला. लांबी किती? दोन फूट. पत्र्याची की लाकडाची? पत्र्याची. कडीला कुलूप? होते. “चेपलेला कोपरा कुठला?”

ताईने ते सांगितले नव्हते. मीही विचारले नव्हते. पण भिंगातून रोखलेला तो डोळा पाहून मी म्हणालो, “उजवा.”

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला औषधाच्या गोळ्यांची डबी दिली. कापसावर सात मिलिमीटरांची काळी पेटी होती. तिला कडी, कडीला कुलूप आणि उजवा कोपरा सुईने दाबलेला. “ही माझ्या फलाटावर ठेवता येणार नाही,” ते म्हणाले. “आमच्याकडे अशा पेट्या नव्हत्या.”

मुंबईला उतरल्यावर पहिल्याच रविवारी मी डोंबिवलीला गेलो. ताईने चष्मा लावला, देवघरातल्या समईजवळ डबी धरली, पोथी वाचायचे भिंग आणून बराच वेळ पाहिली. डोळे पुसले. मग म्हणाली,

“छान आहे रे. पण चेपला होता तो डावा कोपरा.”

म्हातारबुवांना पत्र लिहायला घेतले आहे. अजून मायना झाला आहे, एवढेच.