देगलूरच्या पुढे गाडीला कागद लागतो

आमच्या देगलूर भागात आजारपण थोडे मोठे निघाले की घरात एकच चर्चा होते, नांदेडला दाखवायचे की सरळ हैदराबाद गाठायचे? मुंबईचे नाव कुणी काढत नाही. हैदराबाद इथून दोनशे किलोमीटरच्या आसपास, मुंबई त्याच्या तिपटीहून लांब. लग्नाचा बस्ता, दागिने, पोरांचे कोचिंग, डोळ्यांचे ऑपरेशन, सगळ्याला हैदराबादच. मदनूर, पितलम, जोगीपेट, संगारेड्डी ही गावे इथल्या माणसाला झोपेत विचारली तरी ओळीने सांगता येतील. पण या वाटेवर माणसाला कुणी अडवत नाही, गाडीला अडवतात, हे मात्र भाड्याची गाडी करून निघाल्याशिवाय पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

स्वतःची गाडी असेल, म्हणजे पांढऱ्या पाटीवर काळे आकडे, तर प्रश्नच नाही. लायसन्स, आरसी, विमा आणि पीयूसी जवळ ठेवा आणि निघा. टुरिस्ट परमिट वगैरे काही लागत नाही. गाडी बारा महिन्यांहून जास्त तिकडे राहणार असेल तर मात्र कायद्याने तिथला नंबर घ्यावा लागतो. मुलगा नोकरीला लागला आणि बापाची गाडी घेऊन गेला, की दुसऱ्या वर्षी हा विषय निघतोच.

खरा खेळ पिवळ्या पाटीचा. टॅक्सीचे साधे परमिट आपल्या राज्यापुरते असते. सीमा ओलांडायची तर दोन वाटा. एक, गाडीला ऑल इंडिया टुरिस्ट परमिट हवे. दुसरी, त्या एका फेरीपुरते तात्पुरते परमिट काढायचे आणि समोरच्या राज्याचा टॅक्स भरायचा. पहिली वाट मालकाला महाग पडते आणि दुसरीत दर फेरीला धावाधाव. त्यामुळे गावाकडचे बरेच गाडीवाले तिसरीच वाट धरतात, "बघू, नाक्यावर बघून घेऊ" ही!

माझे आजोबा ही नाक्याची भानगड ऐकून हसायचे. त्यांच्या तरुणपणी नाका होता, पण तोंड उलटीकडे होते. देगलूर निजामाच्या राज्यात, त्यामुळे हैदराबाद ही घरचीच राजधानी. तिकडे जायला कसला कागद? कागद लागायचा तो पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात, उमरखेडच्या बाजाराला जाताना. तिथे करोडगिरीचा नाका. मालावर जकात द्यायची आणि हाली सिक्का मोडून इंग्रजी रुपया घ्यायचा, सात हालीचे सहा कलदार. मुक्तिसंग्रामात कार्यकर्त्यांनी हे करोडगिरी नाके फोडले, जाळले. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचे राज्य गेले. पुढे १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि सीमा एका रात्रीत आमच्या दुसऱ्या अंगाला जाऊन बसली. उमरखेड घरातले झाले, हैदराबाद परराज्यातले.

त्यातली एक गोष्ट नव्या पिढीला माहीत नसते. त्या फेररचनेत देगलूर तालुक्याचीच बिछकुंदा आणि जुक्कल ही दोन मंडळे कापून तिकडे दिली गेली. म्हणून आजही तिकडच्या गावांत मराठी बोलणारी घरे भेटतात, आणि आमच्याकडच्या कितीतरी सुनांचे माहेर तेलंगणात असते. तालुका एक होता तेव्हा वऱ्हाडाच्या बैलगाड्या सरळ जात. आता पिवळ्या पाटीची जीप वऱ्हाड घेऊन निघाली की आधी परमिट!

या कागदाची किंमत मला कळली २०१८ साली. आईच्या उजव्या डोळ्यासमोर अचानक काळा पडदा आला. नांदेडच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले, "डोळ्याचा पडदा सुटला आहे. हे मोतीबिंदूसारखे सवडीने करायचे काम नव्हे. उद्या सकाळी हैदराबादला पोहोचा." बंजारा हिल्सच्या दवाखान्यात दहाची वेळ मिळाली. गावातल्याच एका मालकाची गाडी ठरवली. परमिट आहे ना, हे मी फोनवर दोनदा विचारले. "ऑल इंडिया आहे साहेब, बिनधास्त जा," असे उत्तर आले. पहाटे साडेचारला निघालो. आई मागच्या सीटवर डोळा मिटून, शेजारी माझी बहीण.

सीमेवर ट्रकांची ही रांग. तपासणीला आलेल्या माणसाने कागद पाहिले. परमिट खरेच होते. पण त्या काळी ऑल इंडिया परमिट असले तरी प्रत्येक राज्याचा टॅक्स वेगळा भरावा लागे, आणि आमच्या ड्रायव्हरकडची तेलंगणाची पावती मुदत संपलेली निघाली. "रसीद तो पुरानी है भई, नया टॅक्स किधर है?" हैदराबादी हिंदीत तो शांतपणे म्हणाला. त्याचे काहीच चुकत नव्हते. पोरगा बावीस-तेवीस वर्षांचा, खिशात डिझेलपुरते पैसे. त्याने मालकाला उठवले. मालक म्हणतो, "टॅक्स, टोल, परमिट पार्टीकडे असतंय!" वाचकहो, गाडी ठरवताना हे वाक्य कुणी बोलत नाही, नाक्यावर मात्र हमखास निघते.

आई मागून विचारतेय, "पोचलो का रे?" मी म्हटले, "पोचतोय आई, कागद बघायलेत." तोवर बहीण खाली उतरली आणि रांगेतल्या ट्रकवाल्यांना मराठीत, हिंदीत, जमेल तशा तेलुगूत सांगू लागली, की आईच्या डोळ्याचे तातडीचे काम आहे. एका सरदारजींनी आपली फाइल मागे घेतली आणि आमच्या ड्रायव्हरला खिडकीवर पुढे ढकलले. पैसे मी भरले, रीतसर पावती घेतली, ती रक्कम पुढे भाड्यातून कापली. चाळीस मिनिटे गेली. मोजली म्हणून सांगतो.

पटणचेरूला उजाडून ऊन वर आले होते. तिथून पुढे शहराची गर्दी. पावणेदहाला दवाखान्याच्या पायऱ्या चढलो आणि दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झाले. त्या चाळीस मिनिटांनी काही बिघडले नाही, असे डॉक्टर म्हणाले. आईला आता त्या डोळ्याने ताटातली भाकरी दिसते, माणूस ओळखू येतो, पेपर वाचता येत नाही. पण दहाची वेळ हुकली असती आणि काम एक दिवस पुढे गेले असते तर? हा विचार मला अजूनही सुचतो. तेव्हापासून शेजारीपाजारी कुणी हैदराबादला निघाले की मी गाडीवाल्याकडे पावतीच मागतो, तोंडी भरवसा नाही.

हा जाच एकट्या आपल्यालाच होता असेही नाही. २ जून २०१४ ला तेलंगणा वेगळे झाले तेव्हा हैदराबाद दहा वर्षांसाठी दोन्ही राज्यांची सामाईक राजधानी ठरले. तरी १ एप्रिल २०१५ पासून आंध्रातून येणाऱ्या भाड्याच्या गाड्यांवर तेलंगणाने टॅक्स लावलाच. राजधानी तुमचीही, पण टॅक्सीचा टॅक्स भरा! गाड्यांच्या पाट्यांवरही हा इतिहास उमटला आहे. आधी एपी, २०१४ नंतर टीएस, आणि मार्च २०२४ पासून टीजी. हैदराबादच्या एखाद्या चौकात उभे राहिले तर तिन्ही अक्षरे एका सिग्नलला थांबलेली दिसतात.

नियम मात्र आता पुष्कळ सुधारले. १ एप्रिल २०२१ पासून ऑल इंडिया परमिट ऑनलाइन मिळू लागले आणि राज्याराज्यांचा टॅक्स त्याच्या शुल्कात धरला गेला. जमा झालेल्या पैशाची वाटणी केंद्र राज्यांना करते. मे २०२३ पासून नवे नियम आले आणि परमिट सात दिवसांत देण्याचे बंधन घातले गेले. आमच्या वेळी हे असते तर ती जुनी पावती निघालीच नसती.

माणसालाच परवाना लागला तो कोरोनात. २०२० च्या टाळेबंदीत ई-पासशिवाय सीमा ओलांडता येईना. मे २०२१ मध्ये तर हैदराबादकडे निघालेल्या परराज्यातल्या रुग्णवाहिका तेलंगणाच्या सीमेवर थांबवल्या गेल्या. आधी दवाखान्यात बेड मिळाल्याचे पत्र दाखवा, म्हणत. शेवटी तेलंगणा उच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. त्या दिवसांत आमच्या भागातल्या ज्या घरात कुणी आजारी होते, त्यांना मी नवे काय सांगणार?

माझा भाचा अमेरिकेत टेक्सासला असतो. त्याला हे सांगितले तर म्हणाला, "मामा, आमच्याकडे दोघांनाही लागतो, माणसालाही आणि गाडीलाही." तो लारेडोवरून गाडीने मेक्सिकोत मॉन्टेरेला गेला होता. माणसांनी पर्यटक परवाना घ्यायचा. गाडीसाठी वेगळा तात्पुरता परवाना, आणि वर अनामत. २००७ नंतरच्या गाडीला चारशे डॉलर. मुदतीत गाडी परत आणून परवाना रद्द करून घेतला तरच अनामत परत, नाहीतर बुडाली. मात्र सीमेलगतच्या वीस-पंचवीस किलोमीटरच्या पट्ट्यात गाडीला परवाना लागत नाही. हे मला फार आवडले. तो दुसरा देश असून शेजाऱ्यांना एवढी मोकळीक, आणि इथे एकाच देशात देगलूरच्या टॅक्सीला मदनूरच्या लग्नाला जाताना मालक दहादा विचार करतो.

तेलंगणाने आपले परिवहन खात्याचे नाके २०२५ मध्ये बंद केले. त्यामुळे आता रस्ता मोकळा दिसतो, आणि तिथेच फसगत होते. नाका गेला, नियम गेलेला नाही. तपासणी फिरत्या पथकाकडून कुठेही होऊ शकते. पूर्वी सीमेवर घराजवळ अडायचो, आता संगारेड्डीच्या अलीकडे पेशंटला घेऊन अडलो तर पर्यायी गाडी कुठून आणणार?

म्हणून गाडी ठरवतानाच मालकाला परमिट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला सांगावे आणि मुदतीची तारीख स्वतः वाचावी. ऑल इंडिया नसेल तर तात्पुरते परमिट आणि टॅक्सची पावती दोन्ही मागावीत. टॅक्स, टोल कुणाकडे हे भाडे ठरवतानाच बोलून घ्यावे, शक्य तर लिहून. पेशंट असेल तर मुक्काम लांबू शकतो, तेव्हा तात्पुरत्या परमिटची मुदत दोन दिवस जास्तीची घ्यावी. आमचा मुक्काम लांबला तेव्हा गाडी रिकामी परत पाठवावी लागली होती. वाटेत कुणी पैसे मागितले तर पावतीशिवाय देऊ नयेत. आणि पहाटे निघायचे असेल तर ऑनलाइन पैसे आदल्या संध्याकाळीच भरून घ्यावेत. मदनूर सोडल्यावर पितलमपर्यंत त्या दिवशी आमच्या चौघांपैकी एकाच्याही मोबाइलला रेंज नव्हती.