शेतकऱ्यातला ‘र’

वारणेचा ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प फसला, असं एका वाक्यात सांगून मोकळं होण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला ते पटत नाही. १९९८ साली केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणानगरचा सहकारी परिवार यांनी मिळून कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतल्या ७० गावांसाठी हे काम हाती घेतलं. गावागावांत संगणक आले. शेतीसल्ला, बाजारभाव, सरकारी माहिती असं सगळं त्यावर मिळेल, अशी कल्पना होती. प्रत्यक्षात शेतकऱ्याने त्या यंत्राकडून एकच काम मनापासून करून घेतलं, ते म्हणजे उसाचं. काट्यावर वजन किती भरलं, तोडीचा परवाना कधी निघणार, खताची उचल किती झाली, एवढंच त्याला विचारायचं होतं. बाकीच्या योजना कागदावर राहिल्या, यंत्रं जुनी झाली आणि त्यांच्या देखभालीचा खर्च मात्र चालूच राहिला.

पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूतल्या संशोधन विभागाने इथेच एक प्रयोग केला. ७ गावांत सुमारे ८ महिने गावातल्या संगणकाचं काम साध्या मोबाईलवर आणलं. मध्यवर्ती संगणकाला एक फोन जोडला. शेतकऱ्याचा क्रमांक एसएमएसने पाठवला की त्याची माहिती एसएमएसनेच परत येई. काम भागलं, आणि कितीतरी कमी खर्चात भागलं. यावरून ‘संगणक हरला, मोबाईल जिंकला’ असा धडा काढला जातो. नेटवर्कच्या कामात वर्षं घालवलेल्या माझ्यासारख्याला त्यात वेगळंच काही दिसतं. एसएमएस ही कुणा एका कंपनीची वस्तू नव्हे, तो सर्वांनी मान्य केलेला करार आहे. हातातला फोन कुठल्या कंपनीचा आणि सिम कुणाचं, याने त्याला फरक पडत नाही. म्हणून यंत्र बदललं तरी शेतकऱ्याचं काम अडलं नाही. ‘पण हा प्रयोग तर बंद सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीनेच केला,’ असा आक्षेप कुणी घेईल. खरं आहे, आणि त्या संशोधकांना त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण त्यांनाही शेवटच्या टोकाला, शेतकऱ्याच्या हातात, सर्वांसाठी खुल्या असलेल्या करारावरच विसंबावं लागलं. माझं म्हणणं एवढंच आहे: कोल्हापूर जिल्ह्याचं रोजचं संगणकाचं काम अशाच खुल्या मानकांवर उभं असावं, म्हणजे ते इथल्या माणसांना हलवता येईल, दुरुस्त करता येईल.

मराठी मजकुराच्या बाबतीत आपण नेमकं उलटं केलं, आणि त्याची किंमत कोल्हापूरच्या छापखान्यांत आणि डीटीपी केंद्रांत अजून मोजली जाते. जुन्या फॉन्टांमध्ये देवनागरी अक्षरांची चित्रं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत. तोच फॉन्ट दुसऱ्या संगणकावर नसला की पतसंस्थेचा अहवाल, लग्नपत्रिका किंवा अख्खी कादंबरी इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन सडा होऊन समोर येते. फाईल शाबूत आहे, मजकूर मात्र हरवलेला! हे भारतीय लिप्यांच्या नशिबी अटळ होतं, असं नाही. भारतीय लिप्या संगणकात साठवण्याचं ‘इस्की’ हे भारतीय मानक १९९१ मध्ये ठरलं होतं आणि जगभरच्या लिप्यांसाठीच्या युनिकोड या मानकातली देवनागरीची मांडणीही इस्कीवरूनच आली. करार हाताशी होता. विक्रेत्यांनी आपापली कुलपं घातली आणि ग्राहक म्हणून आपण ती घालू दिली.

या कुलपांचा त्रास किती बारीक असतो हे कळायला ‘शेतकऱ्याचा’ या शब्दातला अर्धा ‘र’ पाहा. हिंदीला त्याची गरज नाही, मराठीचं त्याच्यावाचून चालत नाही. आचार्यांना बोलावणं वेगळं आणि आचाऱ्यांना बोलावणं वेगळं. दर्या वेगळा, दऱ्या वेगळ्या. ‘र’ला हलन्त जोडला की साधारणपणे रफार होतो, म्हणून युनिकोडमध्ये हा अर्धा र ‘ऱ’पासून घडवावा लागतो, आणि तो ‘ऱ’ यादीत आहे द्राविडी उच्चारासाठी. इतकी बारीक गोष्ट परदेशातल्या कंपनीच्या लक्षात यावी ही अपेक्षाच चूक. बंद फॉन्टात ती राहून गेली तर अर्ज करायचा आणि वाट पाहायची. ‘लोहित’ किंवा मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्त’ अशा खुल्या परवान्याच्या फॉन्टात ज्याला समजतं तो स्वतः दुरुस्ती करतो आणि ती सर्वांना मिळते. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांची रूपं ठरवून दिली. तशी अक्षरं हवी असतील तर ती घडवण्याचा हक्कही आपल्याकडे हवा.

‘फुकटच्या सॉफ्टवेअरला वाली कोण?’ हा प्रश्न मला रास्त वाटतो, कारण विचारणाऱ्याला उद्या सकाळी पत्रिका छापून द्यायची असते. पण मुक्त म्हणजे फुकट नव्हे. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू या मुक्त संगणक प्रणालीची घोषणा केली तेव्हा मुद्दा किमतीचा नव्हता, हक्काचा होता: वापरण्याचा, उघडून पाहण्याचा, बदलण्याचा आणि वाटण्याचा. दुरुस्तीचे पैसे जरूर घ्यावेत. कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या मेकॅनिककडे आपण गाडी फुकट टाकत नाही. फक्त बॉनेट उघडायला कारखान्याची परवानगी लागत नाही. शिवाय विकतच्या सॉफ्टवेअरला तरी वाली असतो का? पानं मांडण्याच्या पेजमेकर या सॉफ्टवेअरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची. निर्मात्याने ती तिथेच सोडली आणि तिच्यावर उभं असलेलं मराठी काम निराधार झालं. उलट त्याच कामासाठीच्या स्क्रायबस या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये ओमानमधल्या विकसकांनी अरबी लिपीसाठी केलेल्या कामामुळे देवनागरीची जोडाक्षरंही नीट बसू लागली. रंगछपाईत अडचणी आजही येतात, सवय मोडायला महिने जातात, आणि चालू धंदा एका रात्रीत बदला असं मी कुणाला सांगणार नाही.

सगळं ‘क्लाउड’वर ठेवलं की चिंता मिटली, हेही मला मान्य नाही. २०१९ च्या महापुरात कोल्हापूरजवळचा महामार्ग बंद पडला आणि कितीतरी गावांची वीज आणि रेंज गेली. ज्या दिवशी नोंदीची सर्वांत जास्त गरज असते, त्याच दिवशी तार तुटलेली असते. मूळ प्रत गावात, साध्या खुल्या स्वरूपात, आणि तिची एक प्रत दूर कुठेतरी, हीच मांडणी मला शहाणपणाची वाटते.

सॉफ्टवेअर बदलणं पुढे होत राहील, मजकुराचं काम मात्र थांबू शकत नाही. जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये आणायला त्या फॉन्टाचा नकाशा, म्हणजे कोणत्या इंग्रजी अक्षराच्या जागी कोणतं देवनागरी चित्र आहे याची यादी, लागतो, आणि तो ठाऊक असलेली माणसं अजून या धंद्यात आहेत. आपल्या संस्थेचे अहवाल, वाचनालयाच्या याद्या, दिवाळी अंकांच्या फायली ज्या संगणकावर असतील तो या महिन्यात उघडा, आणि त्या माणसांना बोलावून घ्या.