गट्टी

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत इंदूरजवळच्या गौतमपुऱ्याला मावशीकडे गेले होते. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी तिथे हिंगोट युद्ध होते. हिंगोटाचे फळ पोखरून त्यात दारू भरतात आणि गौतमपुऱ्याचा ‘तुर्रा’ व रुणजीची ‘कलंगी’ हे दोन पक्ष ती पेटती फळे एकमेकांवर फेकतात. कलगी-तुऱ्याच्या लावण्या मराठीत आणि कन्नडमध्येही ऐकलेल्या असल्याने मला त्या नावांची मोठी गंमत वाटली.

ते लोळ गच्चीवरून पाहायचे ठरले. जिन्यात मावशीचा गुडघा वळला आणि ती पायरीवर बसली. लागले काही नव्हते, नुसते उठवायचे होते. मला जमले नाही. माझे वजन ७४ किलो, तिचे पन्नासच्या आत! शेवटी शेजारच्या मुलाने तिला उभे केले. मावशी हसली, मला मात्र हसता आले नाही.

परत आल्यावर मी वजन उतरवायच्या मागे लागले. रात्रीचे जेवण बंद, सकाळी लिंबूपाणी. दोन महिन्यांत ६ किलो उतरले. स्टाफरूममध्ये कौतुक झाले. पण दुसऱ्या तासाला उभे राहवेना, भरलेली कळशी उचलताना हात थरथरत. चरबीबरोबर स्नायूही झिजत होते, हे मागाहून कळले.

मग व्यायामशाळेत बायकांच्या वेळेला जाऊ लागले. सासूबाई म्हणाल्या, ‘हे पुरुषांचं काम.’ मी ऐकून घेतले आणि जात राहिले. तिथल्या ताईंनी आधी वजनाचा काटा विसरायला लावला. आठवड्यातून तीन दिवस बैठका, वजन जमिनीवरून उचलणे, डोक्यावर ढकलणे. सुरुवात दोन-दोन किलोंच्या डंबेल्सनी. एखादे वजन बारा वेळा सहज जमले की थोडे वाढवायचे.

जेवण थोडे कमी केले की शरीर साठवलेली चरबी वापरते. पण स्नायू टिकवायचे तर त्यांना काम हवे आणि प्रथिनेही हवीत. वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण १.२ ते १.६ ग्रॅम. दोन अंड्यांत १२ ग्रॅम, पाव लिटर दुधात ८. शिवाय मटकीची उसळ, झुणका, दही आपल्या घरात असतेच. मी भाकरी दोनाची एक केली आणि उसळीची वाटी मोठी घेतली. (मूत्रपिंडाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.)

बळ काट्यावर दिसत नाही. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरने ५५ किलो गटात एकूण २४८ किलो उचलून रौप्यपदक मिळवले. त्याच दिवशी कुंदापूरकडच्या गुरुराज पुजारीने ६१ किलो गटात २६९ किलो उचलून कांस्यपदक पटकावले. एक मराठी, एक कन्नड. दोघेही अंगाने लहानखुरे!

माझे म्हणाल तर वर्षभरात काट्यावर आणखी फक्त दीड किलो कमी झाले. पण ब्लाउज तीन बोटे आत घ्यावे लागले. गेल्या दिवाळीत मावशीच्या काखेत हात घालून तिला एकेक पायरी वर नेले. आम्ही दोघींनी गच्चीवरून हिंगोट पाहिले.

आता ज्वारीचे पोते सरकवायचे असले की सासूबाई मुलाला नव्हे, मलाच हाक मारतात. परवा म्हणाल्या, ‘गट्टी आगीयव्वा!’ कन्नडमध्ये गट्टी म्हणजे बळकट. मराठीतली गट्टीही आमची आताच जमली आहे.