पंधरा रुपयांचा सातबारा

माझ्या लॅपटॉपवर एक एक्सेल शीट आहे. पहिल्या टॅबचं नाव 'बोरिवली', दुसऱ्याचं 'गाव'. पहिल्यात वन बीएचकेचं डाऊन पेमेंट, वीस वर्षांचा ईएमआय, मेंटेनन्स, पार्किंग. दुसऱ्यात कौलं, काजूची कलमं, पाइप, इन्व्हर्टर. चार वर्षं मी या दोन टॅबमध्ये ये-जा करतेय. पहिल्या टॅबमधले आकडे भीतीदायक असले तरी कळतात. दुसऱ्या टॅबमध्ये आकडे छोटे आहेत, पण त्यांच्याशेजारी माणसांची नावं येतात आणि तिथं फॉर्म्युला चालत नाही.

गाव म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातल्या राजापूर तालुक्यातली आमची वाडी. आजोबा तिथून मुंबईला आले, लालबागच्या एका गिरणीत लागले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि आमच्या घरापुरता तो कधी मिटलाच नाही. पुढं खोली विकून आजोबा बोरिवलीला आले. माझा जन्म तिथलाच. गाव माझ्यासाठी मे महिन्याची सुट्टी आणि गणपतीची गाडी, एवढंच होतं. दोन्हींची तिकिटं मिळवणं हे माझं पहिलं कोडिंग चॅलेंज.

२०२१ च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेच्या तोंडावर, मी आणि बाबा गावी गेलो. 'पंधरा दिवस राहू' म्हणून गेलो आणि गणपती करूनच परतलो. मी कंपनीत नवीन होते. घरात रेंज नव्हती, म्हणून सकाळचा स्टँडअप कॉल घ्यायला सड्यावर चढायचे. सडा म्हणजे आमच्याकडचं जांभ्या दगडाचं उघडं पठार. कागदावर त्याला पोटखराब म्हणतात, म्हणजे लागवडीला निरुपयोगी. याच राजापूर-रत्नागिरीच्या सड्यांवर हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पं आहेत आणि २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. निरुपयोगी जमिनीवर उभं राहून मी जर्मनीतल्या क्लायंटला बग समजावून सांगायचे आणि मागं कोणाची तरी म्हैस ओरडायची.

मग १६ मे आला. तौक्ते वादळ. रात्रभर कौलं उडत होती. सकाळी माजघरातून आभाळ दिसत होतं. आमच्या वाडीत नऊ दिवस वीज नव्हती. गावचं घर चुलत काका सांभाळतो. त्यानं विचारलं, "आता काय करायचं?" बाबांनी माझ्याकडं बघितलं. पगार येणारी मी एकटीच होते. एक लाख चाळीस हजारांत वासे, रिपा, कौलं सगळं झालं. 'गाव' टॅबमधली ती पहिली ओळ. तेव्हा मी तिला खर्च म्हणत होते. गुंतवणूक हा शब्द नंतर आला, बोरिवलीच्या फ्लॅटचे भाव बघून.

कारण फ्लॅटचं गणित बसतच नव्हतं. ऑफिस आठवड्यातून दोनदाच बोलवत होतं. मनात आलं, महिन्यातले पंधरा दिवस गावी राहिलं तर? आणि वहाळापलीकडं दोन एकर वरकस जमीन नुसती गवत वाढवत पडलीय, तिथं काजू लावला तर? मी वाचायला लागले. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रानं काढलेल्या जाती, वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७. सात बाय सात मीटरवर लावली तर हेक्टरी साधारण दोनशे झाडं. तिसऱ्या वर्षापासून थोडं थोडं पीक. मी दहा वर्षांचा परतावा काढला. आकडा इतका छान आला की मी त्याचा सेल हिरवा केला.

त्याच सुमाराला ऑफिसमधला एक जण बालीला, उबुदजवळच्या एका गावात महिनाभर राहून काम करून आला. तिथं घर घ्यायचं त्याच्या मनात होतं. पण इंडोनेशियात परदेशी माणसाला जमिनीची पूर्ण मालकी मिळत नाही. १९६० चा त्यांचा कायदाच तसा आहे. मिळतो तो 'हाक पाकाई', वापरण्याचा हक्क, तोही मुदतीचा. मग काही जण स्थानिक माणसाच्या नावावर जमीन घेतात आणि पुढं तो माणूस किंवा त्याची मुलं काय करतील, या काळजीत राहतात. आम्ही कँटीनमध्ये यावर हसलो. मी म्हटलं, "माझी तर स्वतःचीच जमीन आहे." महाराष्ट्रातही जो शेतकरी नाही त्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. १९४८ च्या कूळकायद्याचं कलम ६३. बाबांचं नाव सातबाऱ्यावर असल्यामुळं त्या बाबतीत मी निवांत होते.

फक्त तो सातबारा मी कधी बघितला नव्हता.

फळबागेसाठी अनुदान मिळतं, असं कळलं. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना, कोकणात दहा गुंठ्यांपासून. अर्जाला सातबारा हवा. ऑनलाइन पंधरा रुपये भरले, डिजिटल सहीचा उतारा डाऊनलोड झाला. उघडला तर खातेदारांच्या रकान्यात एकोणीस नावं. बाबांचं अकरावं. पणजोबांचे वारस, त्यांचे वारस, त्यांचेही वारस. कोकणात याला सामाईक सातबारा म्हणतात आणि प्रत्येक घरात तो असतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. एकोणिसातले चार जण वारलेले, त्यांच्या वारसांची नोंद व्हायची बाकी. अर्ज करायचा तर सगळ्यांची संमतीपत्रं हवीत.

मी यादी केली. कोण कुठं राहतं ते लिहिलं. जोगेश्वरी, भांडुप, विरार, नालासोपारा, मुलुंड, घाटकोपर. गावात राहणारा एकच, काका. आमची दोन एकर जमीन राजापुरात नव्हतीच मुळी. ती वेस्टर्न आणि सेंट्रल लाइनवर पसरलेली होती.

निघायच्या आदल्या संध्याकाळी काकानं खळ्यात बसून मला दुसरा एक कागद दिला. हक्कसोड पत्राचा मसुदा. "संमती घेतेच आहेस, तर बायकांच्या ह्यावरही सह्या घे. मग नोंदणीला एकदा राजापुरात आणू त्यांना. नावं उतरली की सुटलो."

माझा चेहरा बघून तो म्हणाला, "तुला वाटतंय मी लुबाडतोय. तीस वर्षं शेतसारा मी भरतोय. गडगा मी घालतोय. घरचा गणपती मी आणतोय, तुम्ही आरतीला येता. पोराला पोल्ट्री काढायचीय, तर बँक म्हणते सगळ्यांच्या सह्या आणा. मी इथं आणि सह्या विरारला."

त्याचं एक वाक्यही खोटं नव्हतं. मी दोन्ही कागद बॅगेत घातले.

पुढचे सहा शनिवार-रविवार मी लोकलनं फिरले. भांडुपच्या काकांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. विरारच्या दादानं आधी विचारलं, "तुला यात काय मिळणार?" मग सही केली. नालासोपाऱ्याच्या एका घरात त्यांच्या वडिलांचं नाव कुठल्या तरी जमिनीवर आहे, हेच कोणाला ठाऊक नव्हतं. मुलगा मोबाइलवर उतारा मोठा करून ते नाव बघत राहिला.

घाटकोपरला भटवाडीत आत्याआजी राहते. आजोबांची धाकटी बहीण, वय अठ्ठ्याहत्तर. डोंगराच्या उतारावरची खोली, चढून जाताना मलाच दम लागला. तिनं चहा ठेवला, कुळथाचं पीठ कुठं चांगलं मिळतं ते सांगितलं आणि मग चष्मा लावून संमतीपत्र वाचलं. एकेक ओळ, बोटानं.

"वहाळापलीकडं म्हणजे आमच्या दळीच्या वर?"

"हो."

"तिथं नाचणी असायची. लग्नापर्यंत तिथली राखण माझी. वानर हाकलायची." तिनं सही केली. वळणदार, पूर्ण नाव. मग चष्मा काढून विचारलं, "आणखी कुठं करायची?"

बॅगेची चेन उघडी होती. हक्कसोड पत्र वरच होतं. तिनं ते न वाचता सही केली असती, याची मला खात्री होती. मुलीला वडिलांचा वारस म्हणून वाटा १९५६ च्या कायद्यानं मिळाला. वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मापासून मुलाइतका हक्क महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि देशभर २००५ मध्ये. कायदे करायला इतकी वर्षं लागली आणि ते सोडून द्यायला एक पेन पुरतं. उद्या बाबांनंतर त्या रकान्यात माझं नाव येईल आणि कोणी तरी भाचा-पुतण्या असाच चहा प्यायला येईल.

"नाही," मी म्हटलं. "पण काकाला सगळ्यांची नावं उतरवायची आहेत. तुझंही. तुला काय वाटतं?"

ती बराच वेळ कपाच्या कानाशी खेळत होती. "पैसे नकोत मला. जमीन घेऊन मी काय करू? पण नाव असू दे गो. नाव आहे म्हणून तर सही मागायला कोणी तरी येतं. तू आलीसच ना."

गावी जाऊन मी काकाला सांगितलं, कागद काढलाच नाही. तो काही बोलला नाही. उठला आणि म्हैस सोडायला गेला. पुढचे चार दिवस कामापुरतं बोलला. मला वाटलं, काकू तरी माझ्या बाजूनं असेल. तिनं घावन उलटता उलटता विचारलं, "म्हातारीचं नाव राखलंस, चांगलं केलंस. माझं कुठं आहे? माहेरचं मी कधीच सोडून दिलं, भावांनी मागितलं तेव्हा. इथं तुझ्या काकाचं आहे. रोज पाणी घालायला मात्र मीच." याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं.

शेवटी अठरा नावांची संमती मिळाली. एकोणिसाव्या माणसाच्या मुलानं नकार दिला, कारण सांगितलं नाही. अनुदानाचा विषय तिथं संपला. जून २०२२ मध्ये मी स्वतःच्या पैशानं एकशे साठ कलमं लावली. पुढच्या मार्चमध्ये वणवा आला. कुठून लागला कळलं नाही, दुपारी धूर दिसला आणि संध्याकाळी नव्वद कलमं काळी. मी तेव्हा बोरिवलीत होते. काका, काकू आणि वाडीतली पोरं हिरव्या डहाळ्यांनी आग मारत होती, याचा व्हिडिओ मला व्हॉट्सॲपवर आला. त्यात माझ्या हिरव्या सेलमधली निम्मी झाडं जळत होती आणि उरलेली वाचवणाऱ्या माणसांसाठी माझ्या शीटमध्ये रकानाच नव्हता.

आता आकडे सांगते, कारण असे लेख वाचताना मला नेहमी तेच हवे असतात. छप्पर, कलमं आणि परत लावलेली कलमं, पाण्याची टाकी, पाइप, इन्व्हर्टर, घरापर्यंत ओढलेलं फायबर: सगळे मिळून तीन लाख चाळीस हजार. मिळालेलं उत्पन्न: गेल्या हंगामात अडतीस किलो काजू बी, किलोला एकशे पंधरा, म्हणजे चार हजार तीनशे सत्तर रुपये. हिशेब पक्का केला तर हे पैसे मुदत ठेवीत बरे होते.

काकाशी बोलणं हळूहळू सुरू झालं. आम्ही तालुक्याला जाऊन वकिलाला विचारलं. नावं न उतरवताही मार्ग असतो. जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटप करून प्रत्येकाचा हिस्सा वेगळा करता येतो. मग काकाला कर्जासाठी विरारच्या सहीची गरज नाही आणि आत्याआजीचं नावही पुसावं लागत नाही. पण त्यालाही सगळे लागतात आणि तुकडे फार लहान होत असतील तर तुकडेबंदीचा १९४७ चा कायदा आडवा येतो. त्यामुळं बहिणींचे हिस्से एकत्र ठेवायचं ठरतंय. चार वारसनोंदींपैकी दोन झाल्यात. नकार देणाऱ्याच्या घरी यंदा काका स्वतः जाणार आहे. म्हणाला, "तू नको येऊ, तू फार बोलतेस."

काजूचं आम्ही घरापुरतं ठरवलंय. पीक येईल त्यातलं निम्मं काकूचं. स्टँप पेपर वगैरे काही नाही, वहीत लिहून सगळ्यांनी सह्या केल्यात. काकूनंही. वापरण्याचा हक्क म्हणा, पाणी घालण्याचा म्हणा. बालीच्या त्या गोष्टीवर मी आता हसत नाही.

बोरिवलीचा टॅब अजून आहे. मी फ्लॅट घेणारच नाही, असं काही नाही. कदाचित पुढच्या वर्षी घेईनही. गावाकडं चला, असं सांगण्याचा अधिकारही मला नाही, महिन्यातले पंधरा दिवस मी सकाळी ८.१२ च्या चर्चगेट फास्टमध्येच असते. पण हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांच्या घरात 'गावी आपली थोडी जमीन आहे' हे वाक्य ऐकू येत असेल. पंधरा रुपये भरा आणि उतारा काढा. नावं मोठ्यानं वाचा. त्यातली कुठली आजी तुमच्या घरापासून दोन स्टेशनांवर राहते, ते बघा.

या मे महिन्यात आत्याआजी गावी आली, अकरा वर्षांनी. वहाळ ओलांडायला तिला दोघांनी धरलं. वर पोचल्यावर तिनं काजूंकडं फारसं बघितलंच नाही. गडग्याचा एक दगड पडला होता, तो दाखवून काकाला म्हणाली, "हा आधी लाव. इथूनच गुरं शिरतात."