पांढऱ्यावर काळे की काळ्यावर पांढरे?

१/ मराठीत लिहिण्याला ‘पांढऱ्यावर काळे करणे’ म्हणतात. संगणकाचा पडदा उजळ हवा की गडद, या वादाची मुळे त्या वाक्प्रचारापाशी जातात.

२/ बुलढाणा जिल्ह्यातील लोणार व मेहकर ‘लीळाचरित्रा’त येतात. कागदावर काळ्या शाईने नकलल्या गेलेल्या पोथ्यांमुळे तो ग्रंथ आजवर पोहोचला. शाळेच्या काळ्या पाटीवरील पांढरी अक्षरे मात्र पुसण्यासाठीच असत.

३/ आरंभीच्या अनेक संगणकांचे पडदे पाटीसारखेच होते. काळ्यावर हिरवी अक्षरे. १९८४ च्या मॅकिंटॉशने कागदासारखा पांढरा पडदा लोकप्रिय केला. २०१९ मध्ये अँड्रॉइड १० ने संपूर्ण फोनसाठी गडद रूपाची सोय दिली.

४/ पाटी आणि कागद यांच्यातील भेद मात्र परतला नाही. लिहिलेले टिकवायचे की पुसायचे, हे आता रंग सांगत नाही. ते लिहिणाऱ्यालाच ठरवावे लागते.