मातीची सासरवाट

मराठी भाषेने मातीला फारसा मान दिलेला नाही. बेत फसला की त्याची माती होते, आणि पडत्या भावात विकलेली वस्तू मातीमोल ठरते. हे वाक्प्रचार मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहे. पण माती बोलू लागली, तर ती आपल्यालाच चार शब्द सुनावील!

त्र्यंबकेश्वराजवळ निघालेली गोदावरी १४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. तिथे तिचा वेग मंदावतो. जाड रेती मुखापाशीच बसते. बारीक माती मात्र पुढे निघते. कधी उतारावर साठलेला गाळ ढासळतो आणि लोंढ्यासारखा खोल तळ गाठतो.

२००६ साली त्या मुखासमोरच्या तळातून गाळाचा लांबच लांब गाभा काढला गेला. निओडिमियम धातूच्या अणूंचे प्रमाण खडकागणिक निराळे असते. त्यावरून शास्त्रज्ञांनी मातीला तिचे माहेर विचारले. २०१७ साली उत्तर प्रसिद्ध झाले: पावसाळा क्षीण झाला तशी धूप वाढली, पुढे दख्खनवर नांगर फिरू लागले, आणि ती आणखी वाढली.

आता पुष्कळ गाळ जायकवाडीसारख्या धरणांत अडतो. समुद्राची वाट बंद होते. पण शेताला त्याची माती परत मिळत नाही, आणि धरण मात्र भरत जाते.

गावी गेलो की वडिलांनी घातलेल्या बांधावर मी अंमळ रेंगाळतो. सातबाऱ्यावर आमचे क्षेत्र आजही तेवढेच आहे. सातबारा लांबीरुंदी सांगतो. खोली सांगत नाही.