चांदमारी

इंदूरच्या आठवणी म्हटलं की आपण पोहे-जलेबी, राजवाडा न् सराफ्यावर लिहितो. आजची आठवण जरा वेगळी आहे. चाळीस वर्षं मनात ठेवली होती.

१९८४ साली मी एका शाखेत अकाउंटंट होतो. आमचे गार्ड फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. खांद्यावर बारा बोरची दुनाळी, कमरेला काडतुसांचा पट्टा. वर्षातून एकदा त्यांना चांदमारीला पाठवायचो. रेंजवर मोजकी काडतुसं मिळायची. समोर न हलणारं टार्गेट, शिट्टी वाजली की फायर. परत आले की मी भत्त्याचं बिल पास करायचो, फाइलीत शेरा मारायचो, संपलं काम.

एका पेन्शनच्या दिवशी दुपारी दोघं जण आत घुसले. एकाच्या हातात देशी कट्टा. हवालदारसाहेब जेमतेम दहा पावलांवर होते. त्यांनी बंदूक खांद्याला लावली, नेम धरला, पण चालवली नाही. हाती लागल्या त्या गड्ड्या घेऊन चोर पळाले. कुणाला खरचटलंही नाही.

चौकशी झाली. माझ्या जबाबात मी लिहिलं, ‘हातात भरलेली बंदूक असूनही गार्डने काहीही कारवाई केली नाही.’ वाक्य खोटं नव्हतं. पण लिहिण्याआधी मी त्यांना एका शब्दानं विचारलं नव्हतं. त्यांची नोकरी गेली.

हिशेब घ्यायला आले तेव्हा म्हणाले, "साहब, उसके पीछे पेंशनवाली माताजी खड़ी थीं. छर्रे फैलते हैं."

मी म्हटलं, "ये पहले क्यों नहीं बताया?"

"किसी ने पूछा नहीं. चांदमारी में तो पीछे मिट्टी होती है, साहब."

परवा नातवानं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. अमेरिकेत क्वांटिकोला एफबीआयनं १९८७ मध्ये प्रशिक्षणासाठी एक खोटं गाव वसवलं, होगन्स ॲली नावाचं. तिथे एक बँकही आहे. जगात सर्वांत जास्त वेळा लुटली गेलेली बँक, असं तिला गमतीनं म्हणतात! दरोडेखोर नट, गिऱ्हाइकंही नट, गोळ्या रंगाच्या. शिकणाऱ्यानं तिथे नेम तर धरायचाच, पण समोरच्याच्या हातात काय आहे, त्याच्या मागे कोण उभं आहे, हेही त्याच क्षणी बघायचं. गोळी कधी झाडायची नाही, हाही धडाच.

सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्यूलर यांनी १९८३ मध्ये लिहिलं होतं की चाकू घेतलेला माणूस २१ फूट अंतर सुमारे दीड सेकंदात कापतो. म्हणजे जवळच्या सामन्यात विचाराला वेळ मिळतो तो एवढाच. आमच्या हवालदारसाहेबांचं अंतरही साधारण तितकंच. कुणी न शिकवता एवढ्या वेळात त्यांनी बरोबर ठरवलं. मला मात्र जबाब लिहायला अख्खी दुपार मिळाली होती.

ते आता नाहीत. त्या माताजी पुढे कित्येक वर्षं पहिल्या तारखेला पेन्शन घ्यायला येत होत्या. माझ्याच काउंटरसमोर उभ्या राहायच्या. मी त्यांनाही कधी काही सांगितलं नाही.

आज इथे लिहिलं, एवढंच.